उणे एकतीस

माझ्या गॅसच्या ट्रकच्या वाटेवर शेवटची दोन घरं,
मधे तीन मैल गव्हाची खुंटं आणि एक गोठलेला ओढा.
अलीकडचं ऑर्विल टाफ्टचं, पलीकडचं लुएला ब्रेकेचं.
मोंटानाच्या या कोपऱ्यात डॉक्टर नव्वद मैलांवर.
दोघंही घरीच चांदीचं पाणी करतात
आणि एकमेकांच्या पाण्याला नावं ठेवतात.

ऑर्विलकडे काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीत एक अडकवलेल्या,
दोन चिमटे, चांदीच्या दोन तारा,
आणि अंगठ्याला चिकटेल तेवढं मीठ.
"किती वेळ ठेवायचं?"
"बातम्या संपेपर्यंत."
"आणि बातम्या लांबल्या तर?"
"तर जरा कडक होतं."
एका तारेवरून धुराची बारीक दोरी सुटते,
पाण्यात खाली खाली उतरत जाते.
तो टीव्हीकडे पाठ करून ते बघत बसतो.

"मीठ!" लुएला म्हणते,
जणू मी तिच्या गालिच्यावर बूट घालून आलोय.
"मग ती चांदी राहिलीच कुठे?
क्लोराइड पितोय म्हणावं, दूध समजून चुना."
एकतीस वर्षं ती वीज कंपनीच्या सबस्टेशनवर होती.
तिच्या टेबलावर तिनेच जोडलेली पेटी,
प्रवाह ठरल्या मिलिअँपिअरच्या वर जाऊ न देणारी,
माशांच्या टाकीतल्या मोटरवर फिरणारी काचेची कांडी,
थर्मामीटर, आणि रेघा मारलेली वही.
वहीत तारीख, वेळ, तापमान,
आणि एका पानावर नुसतंच: "आज बर्फ. पाणी छान."

दिवा मालवून ती मांजराचा लाल लेसर बरणीवर धरते.
अंधारात पाण्यातून एक सरळ रेघ जाते.
"दिसली? हे कण. त्याच्याकडे चिखल दिसेल, चिखल."
पाणी फिक्या चहासारखं सोनेरी.
खरं सांगायचं तर सुंदर दिसतं.

चौऱ्याण्णव सालच्या कुंपणावरून त्यांचं बोलणं बंद आहे,
त्यामुळे हा वाद माझ्या तोंडून चालतो.
मी पाइप जोडता जोडता इकडचं तिकडे सांगतो.
"तिला विचार, आजीच्या दुधाच्या भांड्यात
रुपयाएवढा चांदीचा डॉलर टाकायचे,
तेव्हा मिलिअँपिअर कुणी मोजले होते?"
"त्याला सांग, त्या आजीची अकरा मुलं होती,
वाचली किती तेही सांग म्हणावं."
हे मी सांगितलं नाही.
काही निरोप टाकीतच ठेवावे लागतात.

जानेवारीत मला खोकला झाला.
ऑर्विलने बाटली दिली, तपकिरी, बिनझाकणाच्या मापाची.
लुएलानेही दिली, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक.
दोघांनी एकच सांगितलं:
"बरं वाटलं की कुणामुळे ते विसरू नकोस."
पैसे देताना दोघांचेही हात मी पाहिले,
बर्फाच्या उजेडात, हातमोजे काढलेले.
दोघांच्याही नखांच्या मुळाशी
तोच राखाडी-निळा, वादळाआधीच्या आभाळाचा.
मी दोघांनाही म्हटलं, "नर्सबाई मंगळवारी येते, दाखवून घ्या."
"लुएलाला सांग," तो म्हणाला.
"ऑर्विलला सांग," ती म्हणाली.

बाटल्या मी ट्रकच्या खणात टाकल्या आणि विसरलो.
त्या रात्री पारा उणे एकतीसवर गेला.
सकाळी दोन्ही फुगलेल्या, एकीला तडा.
हीटरसमोर ठेवल्या, तर वितळल्यावर
एकीतलं ढगाळपण गेलं, दुसरीतलं सोनं गेलं.
दोन्हींत नितळ पाणी,
आणि तळाशी राखेची चिमूट.
कुणाची कोणती, ते चिठ्ठी नसती तर
मलाही सांगता आलं नसतं.

खोकला आठ दिवसांनी गेला, जसा येतो तसा.
"मग?" ऑर्विलने विचारलं.
"मग?" लुएलाने विचारलं, वही उघडून, पेन घेऊन.
मी म्हटलं, "टाकी निम्म्यावर आली आहे,
फेब्रुवारीत लवकर फोन करा."
आणि नर्सबाईचा नंबर
दोघांच्या पावतीमागे लिहून दिला.